इस्तंबूलमधल्या उस्कुदारच्या चढणीवर आमच्यासाठी थांबलेल्या सद्गृहस्थांस

आदरणीय महोदय,

सप्रेम नमस्कार. आपले नाव मला ठाऊक नाही आणि हे पत्र आपल्यापर्यंत पोहोचण्याची शक्यताही फार थोडी आहे. तरीही मनातल्या मनात आभार मानून गप्प बसणे मला जमत नाही, म्हणून सर्वांसमक्ष लिहीत आहे.

आपली भेट झाली ती इस्तंबूलमधली आमची पहिलीच संध्याकाळ होती, आणि तिथवरचा प्रवास माझ्या आईसाठी अपमानाचा ठरला होता. दगदगीबद्दल माझी तक्रार नाही. सत्तरी ओलांडल्यावर दूरदेशीचा प्रवास करायचा म्हणजे अंग दुखणारच. परंतु विमान बदलायच्या ठिकाणी आगाऊ नोंदवलेली चाकाची खुर्ची आलीच नाही, तो लांबलचक विमानतळ आईने पायी पार केला, आणि आम्ही पोहोचेपर्यंत पुढच्या विमानाचे दार बंद झाले होते. तेव्हा तिथल्या कर्मचाऱ्याने तिच्याकडे न पाहता मला विचारले, "या नेहमी एवढ्या हळू चालतात का?" आई शेजारीच उभी होती आणि तिला इंग्रजी उत्तम समजते. ती रात्र आम्ही लोखंडी बाकांवर काढली. त्या विमान कंपनीने नंतर दिलगिरीचे छापील पत्र पाठवले. त्यात विलंबाचा उल्लेख होता, आईचा नव्हता. त्या प्रश्नानंतर मात्र आई वाटेत प्रत्येक जिन्यापाशी, प्रत्येक रांगेत माझी क्षमा मागू लागली. जिने आयुष्यभर घर आणि नोकरी कणखरपणे सांभाळली, तिला स्वतःचे चालणे हा गुन्हा वाटू लागला होता.

इस्तंबूलचा २०१८ साली सुरू झालेला नवा विमानतळ शहराच्या पार उत्तरेला, काळ्या समुद्राच्या बाजूला आहे. त्यामुळे शहराचे पहिले दर्शन झाले ते रुंद रस्त्यांच्या कडेने उभ्या असलेल्या उंच इमारतींचे, आणि त्या संपता संपेनात. आई खिडकीतून पाहत होती, पण काही बोलत नव्हती. युरोपच्या काठावरच्या एमिनोनू या बोटींच्या धक्क्यावर आलो आणि सगळे एकदम समोर उभे राहिले: टेकडीवर १५५७ साली पूर्ण झालेली सुलेमानिये मशीद, खाडीपलीकडे गलाता मनोरा, पुलाच्या कठड्यावर ओळीने टेकवलेले मासेमारांचे गळ आणि धक्क्याला लागणाऱ्या बोटींचे भोंगे. बॉस्फरस सामुद्रधुनीवरचा पहिला पूल १९७३ साली झाला. तोवर युरोप आणि आशिया या दोन काठांवरच्या माणसांची ये-जा बोटींवरच चाले. आज तीन पूल आहेत, समुद्राखालून रेल्वे धावते, तरी संध्याकाळी घरी परतणारी पुष्कळ माणसे बोटीचीच वाट धरतात. एवढ्या देखण्या गर्दीत मी मात्र बॅगा सावरत, आईचा हात घट्ट धरून, आता कोण काय म्हणेल या धास्तीने उभी होते.

बोटीच्या तिकिटाच्या यंत्राने आमची नोट परत केली तेव्हा आपण मागून हात पुढे करून स्वतःच्या कार्डावर आम्हा दोघींना आत सोडलेत आणि पैसे घेतले नाहीत. बोटीवर आईला बाहेरच्या बाकावर, तोपकापी राजवाडा दिसेल अशा बाजूला बसवलेत, चहाचा पेला तिच्या हाती दिलात. त्या साऱ्याबद्दल मी ऋणी आहेच. पण हे पत्र मी लिहिते आहे ते त्यानंतरच्या चढणीसाठी.

आशियाच्या काठावर, उस्कुदारच्या धक्क्यामागे रस्ता जो चढू लागतो तो थांबतच नाही, आणि आमचे मुक्कामाचे घर पार वर होते. मोबाइलवरचा पत्ता पाहून आपण जड बॅग उचललीत आणि पुढे निघालात. थोड्या अंतरावर आपण थांबलात, भिंतीला हात टेकवलात, छातीवर तळवा ठेवून दम लागल्याची खूण केलीत आणि 'जरा थांबू या' अशा अर्थाने आईकडे पाहिलेत. आईही थांबली. ती आपल्याला दिलासा देणारे हसली. पुढच्या वळणावर तेच, त्याच्या पुढच्या पायऱ्यांवर तेच. दर वेळी थांबण्याची गरज आपली होती. आई फक्त आपल्यासाठी थांबत होती. त्या साऱ्या चढणीत तिने माझी एकदाही क्षमा मागितली नाही. वर पोहोचल्यावर आपण बॅग दाराशी ठेवलीत, कपाळाला हात लावून निरोप घेतलात, आणि मग त्याच पायऱ्या आपण दोन-दोन करून भराभर उतरताना मी पाहिले. आपले घर त्या वाटेवर नव्हतेच.

मदत करणारी माणसे मला पूर्वीही भेटली आहेत. त्यांतले बरेच जण मदत घेणाऱ्याला तिची जाणीव ठेवायला लावतात, काही नुसत्या सुस्काऱ्याने. आपण स्वतःकडे दुबळेपणा घेतलात आणि आईकडे मोठेपणा दिलात. हे कोणत्याही कार्यालयात शिकवता येईल असे मला वाटत नाही, परंतु माणसाची सभ्यता मी यापुढे याच मापाने मोजेन. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने स्वतःहून फिरायला निघू या म्हटले, आणि पुढे ते शहर आम्ही तिच्या चालीने पाहिले. ती चाल त्या शहराला शोभणारी आहे. तिथे जागोजागी बाक आहेत आणि बाकांवर मांजरे निवांत झोपलेली असतात.

हे पत्र मी आईला वाचून दाखवले. आपल्याला खरोखर दम लागत नव्हता हे तिने दुसऱ्याच थांब्यावर ओळखले होते, असे तिने मला आज प्रथमच सांगितले. पण आपण इतक्या मनापासून थांबत होता की आपला मान राखणे तिला योग्य वाटले. तिने आपल्याला आशीर्वाद कळवले आहेत. पुन्हा इस्तंबूलला जायचे झाले तर मुक्काम उस्कुदारलाच, आणि त्याच चढणीवरच्या घरात करायचा, असे तिने मला बजावले आहे.

आपली कृतज्ञ,
आईसोबत आलेली एक प्रवासी