तेजोमेघाचे छायाचित्र कृष्णधवलच हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आकाशदर्शनाच्या मजकुरासोबत तेजोमेघाचे, म्हणजे अवकाशातल्या वायू-धुळीच्या ढगाचे, रंगीत छायाचित्र आतल्या कृष्णधवल पानावर छापले, की तिथे काळपट डाग तेवढा उरतो. दोष छापखान्याचा नाही. रंगीत चित्राच्या करड्या छटा करताना संगणक नेहमीच्या सूत्राने तांबड्याला ३०, हिरव्याला ५९ आणि निळ्याला ११ टक्के वजन देतो. बहुतेक तेजस्वी तेजोमेघ उजळतात ते हायड्रोजनच्या ६५६.३ नॅनोमीटरच्या गडद तांबड्या प्रकाशाने. म्हणजे ज्यात सगळे चित्र आहे, नेमकी त्यालाच कात्री लागते. मुळातच कृष्णधवल टिपलेले छायाचित्र छापले तर हे टळते, आणि तशी छायाचित्रे मराठवाड्यात तालुक्याच्या गावातूनही निघतात.

रंग नाही म्हणजे चित्र कमअस्सल, हा समज आधी सोडायला हवा. हबल दुर्बिणीचे कॅमेरेही एकरंगीच आहेत. वेगवेगळ्या फिल्टरमधून घेतलेली कृष्णधवल चित्रे नंतर रंग देऊन एकत्र केली जातात. हेन्री ड्रेपर यांनी ३० सप्टेंबर १८८० रोजी ११ इंची दुर्बिणीतून ५१ मिनिटांचे एक्स्पोजर देऊन मृगातल्या तेजोमेघाचे पहिले छायाचित्र घेतले, तेही कृष्णधवल. मृगाच्या बाणाजवळचा घोड्याच्या डोक्याचा आकार विल्यमिना फ्लेमिंग यांना १८८८ मध्ये हार्वर्ड वेधशाळेच्या अशाच एका कृष्णधवल छायाचित्राच्या काचेवर सापडला.

रंगीत कॅमेऱ्यात दर चार पिक्सेलपैकी दोन हिरवे, एक निळा आणि एकच तांबडा असतो. हायड्रोजनचा प्रकाश टिपताना तीन चतुर्थांश पिक्सेल जवळजवळ रिकामे बसतात. साध्या डीएसएलआरमध्ये तर सेन्सरपुढची काच यातला बराच प्रकाश आधीच अडवते. एकरंगी कॅमेऱ्याचा प्रत्येक पिक्सेल कामाला येतो. त्यापुढे ७ नॅनोमीटर पट्ट्याचा हायड्रोजन-अल्फा फिल्टर, म्हणजे हायड्रोजनचा तो तांबडा प्रकाश तेवढा आत सोडणारी काच, लावला, की रस्त्यावरच्या एलईडीचा बहुतेक प्रकाश बाहेरच राहतो, कारण तो सगळ्या वर्णपटात पसरलेला असतो आणि आपण त्यातली एक चिंचोळी फट तेवढी उघडी ठेवतो. चांदण्या रात्रीही चंद्रापासून ६० अंश दूर राहून काम होते. ज्यांच्याकडे रंगीत कॅमेराच आहे, त्यांनी हाच फिल्टर लावून फक्त तांबडे पिक्सेल वेगळे काढावेत. सिरिल या मोफत प्रणालीत ती सोय आहे.

७२ मिलिमीटर व्यासाची, ४०० मिलिमीटर नाभीय अंतराची भिंगाची दुर्बीण पुरते. ३.७६ मायक्रॉन पिक्सेलचा, ३००८ गुणिले ३००८ पिक्सेलचा कॅमेरा तिला जोडला तर एका पिक्सेलमध्ये १.९४ कोनीय सेकंद आणि पूर्ण चौकटीत सुमारे १.६ अंश आकाश येते. मृगातल्या काक्षी ताऱ्याच्या पूर्वेचा, सव्वा अंशाहून थोडा मोठा रोझेट तेजोमेघ यात छान बसतो. हंस ताऱ्याजवळचा उत्तर अमेरिका तेजोमेघ मात्र कापला जातो. फ्लॅटनर (चित्राच्या कडेपर्यंत तारे रेखीव ठेवणारे जोडभिंग) ते सेन्सर हे अंतर बहुधा ५५ मिलिमीटर ठेवायचे असते, पण मध्ये २ मिलिमीटर जाडीचा फिल्टर आला की जाडीच्या तिसऱ्या हिश्शाइतके, म्हणजे ०.७ मिलिमीटर, वाढवावे लागते. ते राहून गेले की कोपऱ्यातले तारे लांबट होतात आणि लोक दुर्बिणीला दोष देत बसतात.

आपल्याकडे खरी कसोटी जमिनीची. काळी माती ओलीत फुगते, उन्हात भेगाळते, आणि तिवईचा पाय रात्रीतून केसभर जरी खचला तरी माउंटचा, म्हणजे ताऱ्यांमागे दुर्बीण फिरवणाऱ्या यंत्राचा, ध्रुवाशी साधलेला अक्ष ढळतो. प्रत्येक पायाखाली फूटभर शहाबादी फरशीचा तुकडा घालावा. घराच्या धाब्यावर किंवा स्लॅबवर मांडले तर चालणाऱ्याची पावले चित्रात उमटतात, शिवाय दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दोन-तीन तास ऊब सोडत राहतो. तोवर तारे थरथरतात. आणखी एक अडचण पुस्तकांत क्वचितच सापडते. मराठवाड्यात ध्रुव तारा क्षितिजापासून जेमतेम १८ ते २० अंशांवर असतो. अक्ष इतका खाली झुकवला की दुर्बिणीचा तोल राखणाऱ्या वजनाचा दांडा तिवईच्या उत्तरेकडच्या पायावर आपटतो. तिवई अशी फिरवावी की उत्तरेला दोन पायांमधली मोकळी जागा येईल, किंवा माउंटखाली एक आखूड खांब चढवावा.

वीज शेतातल्या लाइनवरून घेऊ नये. व्होल्टेज खालीवर झाले की माउंट थांबते. घरच्या इन्व्हर्टरची १२ व्होल्टची बॅटरी उत्तम, पण थेट जोडावी, इन्व्हर्टरमधून नाही. माउंट, थंड केलेला कॅमेरा आणि दवापासून बचावाचा पट्टा मिळून ५ अँपिअर धरले तर ८ तासांना ४० अँपिअर-तास लागतात. शिसे-आम्लाची बॅटरी अर्ध्याखाली उतरवायची नसते, म्हणून किमान ८० ते १०० अँपिअर-तासांची हवी.

एक्स्पोजर प्रत्येकी ३०० सेकंदांचे, निदान ६०, म्हणजे ५ तास. दोन रात्रींत विभागले तरी चालतात. चित्रातला गोंगाट, म्हणजे दाणेदारपणा, निम्मा करायचा तर वेळ चौपट द्यावा लागतो, त्याला आडवाट नाही. प्रत्येक चौकटीनंतर दुर्बीण तीन-चार पिक्सेल सरकवावी, नाहीतर एकत्र केलेल्या चित्रावर तिरक्या रेघा येतात. मृगातल्या तेजोमेघाचा गाभा ३०० सेकंदांत पार पांढरा होतो. त्यासाठी १० सेकंदांच्या ३० चौकटी वेगळ्या घ्याव्यात. हिवाळ्यात सेन्सर उणे १० अंशांवर सहज टिकतो. मे महिन्यात मात्र शून्यच धरावे. जास्त ताणले की तापमान स्थिर राहत नाही आणि डार्क चौकटी (दुर्बिणीचे तोंड झाकून घेतलेल्या) जुळत नाहीत. डार्क त्याच तापमानाच्या, तेवढ्याच कालावधीच्या, ३० घ्याव्यात. फ्लॅटही (एकसारख्या उजेडाची चित्रे) ३० घ्यावेत, पण कॅमेरा न काढता, न फिरवता. आपल्याकडच्या धुळीत फ्लॅट चुकवले तर फिल्टरवरच्या प्रत्येक कणाचे वर्तुळ तेजोमेघात दिसते.

फोकस बाहटिनोव्ह मुखवट्याने, म्हणजे दुर्बिणीच्या तोंडावर बसवायच्या फटींच्या झाकणाने, फिल्टर लावूनच करावा. संध्याकाळपासून पहाटेपर्यंत पारा १० अंशांहून जास्त उतरतो आणि नळी आकसते. दर २ अंशांना फोकस पुन्हा तपासावा.

रोझेट आणि घोड्याच्या डोक्यासाठी डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ योग्य, पण तोच उसाच्या गळीत हंगामाचा. कारखान्याचा आणि जळत्या पाचटाचा धूर ताऱ्यांभोवती वलये आणतो, ती फ्लॅटने जात नाहीत. वारा तिकडून असेल त्या रात्री आवरते घ्यावे. मार्च-एप्रिलमध्ये नौकातल तारकासमूहातला ईटा कॅरिनी तेजोमेघ दक्षिणेला जेमतेम ११ अंश वर येतो. उत्तर युरोपातून तो कधीच दिसत नाही. क्षितिज उघडे असेल तर तो सोडू नये.

रस्त्यावरच्या दिव्यांबद्दल नगरपालिकांना एवढेच सांगणे आहे, की त्यांना वरून झाकण द्या. विदर्भातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातले पहिले डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. आपल्या डोंगरमाथ्यांवरचे आकाश अजून हातचे गेलेले नाही.

शेवटी, छापायला चित्र कसे द्यावे. आकाश कोळशासारखे काळे करण्याचा मोह आवरावा, कारण तेजोमेघाची फिकट कड तिथेच कापली जाते. पडद्यावर पार्श्वभूमी २५५ पैकी २५ ठेवतात, पण वर्तमानपत्राच्या कागदावर शाई पसरते, म्हणून ती ४०च्या आसपास ठेवावी. फाइल ग्रेस्केल टिफ हवी. ती तीन रंगांत राहिली आणि रंगीत पानावर गेली, तर करडा रंग चार शायांतून तयार होतो. एखादी शाई केसभर सरकली तरी प्रत्येक ताऱ्याला रंगीत कड येते. आपण अशी छायाचित्रे मागवावीत आणि फक्त काळ्या शाईत छापावीत. खाली तेजोमेघाचे नाव, गाव, तारीख, फिल्टर आणि एकूण एक्स्पोजर द्यावे. दुसऱ्या गावचा वाचक त्यावरून आपली रात्र आखू शकेल.

आपला,
एक हौशी आकाशछायाचित्रकार, अंबाजोगाई