धुराची सावली

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. काकूंना पुन्हा धाप लागली आणि सलग दोन रात्री उशाला टेकून बसून काढाव्या लागल्या, हे वाचून जीव कासावीस झाला. त्याच पत्राच्या शेवटी तू रागारागानं लिहिलं आहेस, "धुरामुळे ऊन अडतं आणि पृथ्वी थोडी थंड राहते असं शास्त्रज्ञच म्हणतात. मग धूर साफ करायचा तरी कशाला?" फोनवर मी "तसं नाही रे, सांगतो नंतर" म्हणून विषय बदलला, आणि ते मला दोन दिवस खटकत राहिलं. तुझा प्रश्न रास्त आहे, त्यातलं अर्धं खरंही आहे. म्हणून हे लांबलचक पत्र. काकूंचा डोळा लागला की निवांत वाच.

सुरुवात धुरापासून नाही, वायूंपासून करावी लागेल. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन. आश्चर्य असं की जमिनीतून वर निघणारी उष्णता अडवण्यात या दोघांचा वाटा जवळपास नाहीच. दोन सारख्या अणूंचा रेणू कितीही थरथरला तरी त्यातला विद्युतभार एका बाजूला झुकत नाही, त्यामुळे जमिनीचे अवरक्त किरण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण, त्याच्यातून सरळ निघून जातात. कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि मिथेन यांचे रेणू वेगळे. ते वाकतात, ताणले जातात, ते किरण शोषतात आणि मग ती उष्णता सगळ्या दिशांना सोडतात. त्यातली काही खाली परत येते. हे वायू नसते तर पृथ्वीचं सरासरी तापमान उणे १८ अंश असतं. आज ते १५ अंशांच्या आसपास आहे. या ३३ अंशांच्या जिवावर समुद्र गोठले नाहीत. तेव्हा या वायूंना वैरी म्हणवत नाही. प्रश्न त्यांच्या प्रमाणाचा आहे.

हे पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं ते सांगायला मला फार आवडतं. १८५६ साली युनिस फूट नावाच्या अमेरिकन बाईंनी काचेच्या नळ्यांत वेगवेगळे वायू भरून त्या उन्हात ठेवल्या. कार्बन डायऑक्साइडची नळी सगळ्यांत जास्त तापली आणि सावलीत नेल्यावरही बराच वेळ गरम राहिली. हवेत हा वायू वाढला तर पृथ्वी जास्त उबदार होईल, असं त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं. त्यांचा निबंध सभेत वाचला मात्र दुसऱ्याच एका पुरुष शास्त्रज्ञानं. तीन वर्षांनी जॉन टिंडल यांनी वायू उष्णतेचे किरण शोषतात हे काटेकोर मोजून दाखवलं, आणि पुढची दीडशेएक वर्षं नाव राहिलं ते त्यांचंच. टिंडल यांचं काम मोठं होतंच, पण बाईंचा विसर पडला याची मला खंत वाटते.

आता एक आक्षेप तुझ्या कानावर नक्की येईल: "या वायूला जेवढे किरण अडवायचे तेवढे तो आधीच अडवतोय, आणखी वाढला तर काय बिघडतं?" वरवर पटणारं आहे. मलाही बरीच वर्षं याचं नीट उत्तर देता येत नव्हतं. खरी गोष्ट अशी की उष्णता एका उडीत अवकाशात जात नाही. ती हवेच्या एका थरातून वरच्या थरात, तिथून त्याच्या वर, अशी चढत जाते आणि जिथे हवा पुरेशी विरळ होते तिथून सुटते. वायू वाढला की हे सुटण्याचं ठिकाण आणखी वर सरकतं. वर हवा जास्त थंड असते, आणि थंड थर उष्णता कमी सोडतो. येणारं ऊन तेवढंच, जाणारी उष्णता कमी, म्हणजे जमाखर्चात शिल्लक पडत राहते. ती शिल्लक समुद्रात, जमिनीत, हवेत मुरते, आणि सगळं तापून तो वरचा थर पुन्हा पुरेशी उष्णता सोडू लागेपर्यंत हे चालूच राहतं. म्हणून "आता भरलं, आणखी काही होणार नाही" असा टप्पा येत नाही.

याची एक खूण मला फार पटते. सूर्य जास्त तापल्यामुळे पृथ्वी तापत असती तर खालपासून वरपर्यंत सगळी हवा तापली असती. प्रत्यक्षात खालची हवा तापते आहे आणि स्थितांबर, म्हणजे त्याच्या वरचा हवेचा थर, थंड होतो आहे. स्युकुरो मानाबे यांनी १९६७ मध्ये गणितानं हेच दाखवलं होतं, मोजमापं नंतर आली. २०२१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना विभागून मिळालं.

आकडे थोडक्यात देतो. कारखाने येण्यापूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे २८० भाग होते. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाईतल्या मौना लोआ पर्वतावर रोज मोजायला सुरुवात केली तेव्हा ३१५ च्या आसपास, आणि आता ४२० च्या वर. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेले हवेचे बुडबुडे आठ लाख वर्षांमागचा हिशेब देतात, आणि कारखान्यांच्या आधीच्या त्या सगळ्या काळात हा आकडा कधी फारसा ३०० च्या पलीकडे गेलेला दिसत नाही. दहा लाखांत ४२० म्हणजे चिमूटभरच, पण उरलेली जवळजवळ सगळी हवा हे काम करतच नाही, हे विसरू नकोस. तापमान एक अंशानं वाढलं की हवा सुमारे सात टक्के जास्त वाफ धरून ठेवू शकते, आणि वाफ स्वतःही उष्णता अडवणारीच. एकानं ढकललं की दुसरी आणखी ढकलते.

आता तुझा धूर. हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांना एरोसोल म्हणतात. धूळ, समुद्राच्या फवाऱ्यातलं मीठ, काजळी, आणि कोळसा किंवा तेल जळताना निघणाऱ्या गंधकाच्या वायूपासून हवेत तयार होणारे सल्फेटचे कण, असे अनेक प्रकार. सल्फेट फिकट असतं, ऊन परत फेकतं. काजळी काळी, ती ऊन पिऊन हवा तापवते, आणि बर्फावर बसली की बर्फ लवकर वितळतं. म्हणजे "धूर थंड करतो" हे सरसकट खरं नाही, कोणता धूर ते आधी विचारायला हवं. शिवाय ढगाच्या थेंबाला आधाराला कण लागतो. कण जास्त झाले तर तेवढंच पाणी जास्त आणि लहान थेंबांत वाटलं जातं, ढग अधिक पांढरा होतो आणि ऊन अधिक परतवतो. समुद्रावर जहाजांच्या मागे ढगांत उमटणाऱ्या लांब पांढऱ्या रेघा उपग्रहातून दिसतात, त्या याच कारणानं. २०२० पासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आणली, आणि त्या रेघा कमी झाल्या.

कणांमुळे थंडावा येतो याचा ढळढळीत पुरावा १९९१ च्या जूनमध्ये मिळाला. फिलिपिन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीनं सुमारे दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड स्थितांबरात फेकला. काही आठवड्यांत त्या कणांनी पृथ्वीला वेढा घातला, आणि पुढच्या वर्षी जगाचं सरासरी तापमान साधारण अर्ध्या अंशानं उतरलं. जेम्स हॅन्सन आणि सहकाऱ्यांनी हा थंडावा येण्याआधीच त्याचं भाकीत केलं होतं. पण दोनतीन वर्षांत कण खाली बसले आणि तापमान पुन्हा वर गेलं.

हा "पुन्हा वर गेलं" तुझ्या प्रश्नाच्या मुळाशी आहे. तू लिहिलं होतंस ना, की पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी काकूंचा श्वास मोकळा असतो? पाऊस हवेतले कण धुऊन काढतो. कारखान्यांचा आणि गाड्यांचा धूर ज्या खालच्या हवेत असतो तिथे कण साधारण आठवडाभर टिकतात. कार्बन डायऑक्साइड पावसानं धुऊन जात नाही. आज सोडलेल्यातला मोठा भाग समुद्र आणि झाडं काही दशकांत घेतात, पण उरलेला शतकानुशतकं राहतो, थोडा तर हजारो वर्षं. एकाच चिमणीतून दोन्ही बाहेर पडतात. वायू साठत जातो आणि धूर दर आठवड्याला नव्यानं भरावा लागतो. साठणाऱ्या वायूची ऊब धुरानं झाकायची म्हटलं तर धूर दरवर्षी वाढवत न्यावा लागेल, आणि तो माणसांच्या छातीत भरत राहील. तुझ्या घरात याची किंमत कोण देतं ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

आयपीसीसी, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची हवामान बदलावरची समिती, तिच्या २०२१ च्या अहवालात हिशेब असा आहे: एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून २०१० ते २०१९ या दशकापर्यंत तापमान सुमारे १.१ अंश वाढलं. हरितगृह वायूंनी, म्हणजे वर सांगितलेल्या उष्णता अडवणाऱ्या वायूंनी, एकट्यानं ते १ ते २ अंश वाढवलं असतं, आणि मुख्यतः कणांनी त्यातले ० ते ०.८ अंश झाकले. ही मर्यादा इतकी रुंद आहे कारण ढगांचं वागणं गणितात पकडणं फार अवघड आहे. म्हणजे तू म्हणतोस ते अर्धं सत्य हे. धूर साफ केला की झाकलेली ऊब उघडी पडते. पण ती धूर साफ करणाऱ्यानं आणलेली नसते, ती आधीपासून तिथेच होती.

मग करायचं काय? धुराबरोबर वायूही कमी करायचे, आणि त्यात मिथेनला पुढे घ्यायचं असं माझं ठाम मत आहे. मिथेन हवेत जेमतेम दहाबारा वर्षं टिकतो, पण वीस वर्षांच्या हिशेबात तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ऐंशी पट तापवतो. तो कमी केला तर परिणाम आपल्याच हयातीत दिसतो, आणि धूर हटल्यानं उघडी पडणारी ऊब बरीचशी भरून निघू शकते. शिवाय मिथेनमुळे जमिनीलगत ओझोन वाढतो, आणि दमेकऱ्यांची छाती जाळणाऱ्या गोष्टींपैकी तो एक. काजळीचंही तसंच, ती गेली तर हवाही थंड आणि छातीही मोकळी.

स्थितांबरात मुद्दाम गंधक फवारून पिनाटुबोची नक्कल करावी असंही काही जण सुचवतात. मला ते भयंकर वाटतं. खाली वायू साठतच राहतील, समुद्राचं पाणी आम्लाकडे झुकतच राहील, पावसाच्या वाटा बदलतील, आणि फवारणी एकदा थांबली की दडलेली सगळी ऊब थोड्याच वर्षांत अंगावर येईल. शंभर वर्षं न थांबता हे काम कोण करणार, याचं उत्तर त्यांच्यापैकी कुणी दिलेलं मी ऐकलं नाही.

बरंच लिहिलं. वर कुठे अडलं तर खूण करून ठेव, विशेषतः उष्णता थराथरानं वर जाण्याचा भाग. तो मी समोरासमोर कागदावर काढून दाखवीन. रात्री पंप काकूंच्या हाताशी असू दे, आणि डॉक्टरांनी सांगितलेली तपासणी पुढे ढकलू नकोस. रविवारी सकाळी फोन करतो, तेव्हा त्यांच्याशीही दोन शब्द बोलेन. त्यांना माझा नमस्कार.

तुझाच