साहेब, केसपेपरवर ‘काम काय करता’ एवढं लिहायला सांगा

प्रति,
मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सा. न. वि. वि.

आमचे हे २०२३ च्या पावसाळ्यात गेले. परवा वर्षश्राद्ध झालं. पाहुणे गेले, भांडी घासून झाली आणि मुलीनं ट्रंकेतली कागदांची पिशवी काढली. नऊ वर्षांचे केसपेपर, मेडिकलच्या चिठ्ठ्या, ऑक्सिजन सिलिंडरच्या पावत्या. सगळ्यात वर दवाखान्यातून मिळालेला शेवटचा कागद होता. मृत्यूचं कारण: श्वसनक्रिया बंद पडणे. पोरगी म्हणाली, “आई, श्वास बंद पडल्याशिवाय कोण मरतं गं?”

म्हणून हे पत्र, फौंड्रीतल्या वाळूच्या धुळीनं होणाऱ्या फुफ्फुसाच्या आजाराबद्दल. मी दहावी शिकलेली आहे. लिहितेय मीच, मुलीनं फक्त शुद्धलेखन बघितलंय. आम्ही कोल्हापूरच्या बायका घरात ‘मी येतो’, ‘मी करतो’ असंच बोलतो, तिनं सगळीकडं ‘करते’ करून दिलंय. बाकी शब्द माझे.

हे मोल्डर होते, म्हणजे ओतकामाचे साचे भरणारे. १९९४ ला उद्यमनगरात एका फौंड्रीत लागले. पुढं ती फौंड्री शिरोलीला गेली, मग हेही तिकडं. आधी सायकलवरनं, मग एम-एटीवरनं. तुम्ही कोल्हापूरला आलात की तांबडा-पांढरा आणि चप्पल एवढंच दाखवतात तुम्हाला. पण ह्या गावाचं पोट ऑइल इंजिनानं आणि कास्टिंगनं भरलंय, आणि कास्टिंग म्हणजे वाळू. पॅटर्नभोवती, म्हणजे वस्तूच्या नमुन्याभोवती, वाळू ठोकून साचा भरायचा, पॅटर्न अलगद उचलायचा, कोर बसवायचा, वर वितळलेल्या लोखंडाचा रस ओतायचा. गार झालं की साचा फोडायचा. त्याला नॉक-आउट म्हणतात, आणि खरी धूळ तिथं उठते. ह्यांचा हात हलका होता. पॅटर्न उचलला की साच्याचा कोपरा कधी ढासळायचा नाही, असं त्यांचे जोडीदार अजून सांगतात. तोंडाला रुमाल बांधायचे. शनिवारी मालक सगळ्यांना गुळाचा खडा द्यायचे, गूळ खाल्ला की घशातली धूळ खाली जाते म्हणून. मालक वाईट नव्हते, मयतीलाही आले होते. गूळ पोटात जातो आणि धूळ फुफ्फुसात, हे त्यांनाही ठाऊक नसणार. आम्हाला तरी कुठं होतं?

लग्नाआधी हे तालमीत जायचे. पुढं तालीम सुटली, फुटबॉल सुटला नाही. शाहू स्टेडियमवर पेठेची मॅच असली की पाळी बदलून घ्यायचे. दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारायचे की समोरच्या बाजूची माणसं वळून बघायची. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी आले की तीच शिट्टी, जरा दबकी. ती ऐकून मी तवा ठेवायची आणि पोरं दारात पळायची. सासूबाई चिडायच्या, “घर हाय का ग्राउंड?” पण एखाद्या दिवशी उशीर झाला तर त्याच आधी विचारायच्या, “शिट्टी आली न्हाई व्हय अजून?”

२०१४ च्या उन्हाळ्यात शिट्टी बंद झाली. मला वाटलं, पोरगी मोठी झाली, आता लाजत असतील. पोरीनंच एकदा विचारलं, “पप्पा, शिट्टी का मारत नाही?” “दम पुरत नाही गं,” म्हणाले आणि हसले. मग जिन्यात मधेच बसायला लागले. खोकला होताच.

क्षय आहे म्हणाले. थुंकीत जंतू सापडले नव्हते, छातीच्या फोटोवर डाग होते. सहा महिने गोळ्या झाल्या. जरा बरं वाटलं, पुन्हा कामावर. वर्षभरात परत तेच. दुसऱ्या वेळी आठ महिने, इंजेक्शनंही. सिलिका म्हणजे वाळूची धूळ बसलेल्या फुफ्फुसाला क्षय लवकर धरतो हे आता कळलंय, त्यामुळं त्या डॉक्टरांना मी सरसकट चुकीचं म्हणत नाही. पण चार वर्षांत एकानंही ‘तुम्ही काम काय करता’ हे विचारलं नाही. नाव, वय, पत्ता, मोबाइल नंबर. कामाची ओळ कागदावर नव्हतीच.

त्या दिवसांतलं एक सांगते, सांगायला जड जातं. ह्यांचं ताट, तांब्या, पेला वेगळा ठेवला होता. घरात पोरं होती. ते सगळं मीच वेगळं ठेवलं होतं. हे काही बोलले नाहीत. जेवण झालं की आपलं ताट आपण धुवायचे आणि खिडकीत पालथं घालायचे.

२०१८ ला एका मोठ्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टरनं फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. बराच वेळ बघितली आणि विचारलं, “काका, काम काय करत होता?” ह्यांनी सांगितलं. “वाळूत? किती वर्षं?” तेवीस, म्हणाले. डॉक्टर मला बाहेर पॅसेजमध्ये घेऊन गेला आणि म्हणाला, सिलिकोसिस वाटतोय. ह्याच्यावर औषध नाही. काम सोडलं तरी आत बसलेली धूळ आपलं काम करत राहते. मी म्हटलं, मग हे कागदावर लिहून द्या. त्यानं इकडंतिकडं बघितलं. “मावशी, ते लिहिलं की चौकशा मागं लागतात.” फाइलवर आलं, जुना क्षय आणि फुफ्फुसांचा जुनाट विकार. तो शब्द पॅसेजमध्येच राहिला.

घरी येऊन मला आठवली ती बादली. रोज रात्री ह्यांचे कपडे भिजत घालायची. सकाळी पाणी ओतलं की तळाशी काळा रेंदा बसलेला असायचा. बोटानं खरवडला की कचकच लागायचा. वीस-बावीस वर्षं तो रेंदा मी मोरीत ओतला. कपड्यांत एवढं येतं तर माणसाच्या आत किती जात असेल, हा विचार एकदाही माझ्या डोक्यात आला नाही. मुलगी म्हणते, तो तर जाड कण, दिसणारा. मारतो तो दिसतच नाही, पाच मायक्रॉनच्या आतला. रुमालातनं सहज जातो आणि फुफ्फुसाच्या तळाला जाऊन बसतो.

पुढचं सगळं ऑक्सिजनचं. ऑगस्ट २०१९ चा महापूर तुम्हाला आठवत असेल. शिरोलीपाशी महामार्ग पाण्याखाली गेला, आमचा सिलिंडरवाला पलीकडं अडकला. पेट्रोल मिळेना. भाड्यानं आणलेलं मशिन होतं, पण लाइट नव्हती. घरातला सिलिंडर संध्याकाळपर्यंत पुरेल एवढाच होता. ह्यांच्या जुन्या तालमीतली पोरं राजारामपुरीतनं एक सिलिंडर खांद्यावर घालून चालत घेऊन आली. जोडताना किल्ली जरा जास्त फिरली आणि मोठ्यानं सुईंऽऽ झालं. हे उशीला टेकून डोळे मिटून बसले होते. तसेच म्हणाले, “आली बघ माझी शिट्टी.” ती पोरं हसावं की रडावं अशी उभी राहिली. मी आत जाऊन चहा टाकला.

आता कायद्याचं. हे मुलीनं शोधलं, मी मेथी निवडत ऐकलं. ह्यांच्या आजारपणात लागू होता तो कारखाने अधिनियम, १९४८. त्याच्या तिसऱ्या अनुसूचीत रोगांची यादी होती, त्यात सिलिकोसिस होता. कलम ८९ म्हणायचं, कारखान्यात काम करणाऱ्या किंवा पूर्वी केलेल्या माणसाला असा रोग असल्याचं डॉक्टरला वाटलं, तर त्यानं मुख्य कारखाना निरीक्षकाच्या कार्यालयाला विनाविलंब लेखी कळवलं पाहिजे. साहेब, वाटलं तर. खात्री झाल्यावर नाही. आणि पॅसेजमधल्या त्या डॉक्टरला वाटलं होतं. न कळवल्यास दंड किती? एक हजार रुपयांपर्यंत. मी मुलीला दोनदा वाचायला लावलं. २०२० ला संसदेनं कामगारांच्या सुरक्षिततेची नवी संहिता मंजूर केली, त्यातल्या यादीतही सिलिकोसिस आहे. १९२३ च्या भरपाईच्या कायद्यातही वाळूच्या धुळीचा हा रोग कामाचाच धरला होता. म्हणजे कायद्याला सगळं माहीत आहे.

मुलगी म्हणाली, भरपाई मागू. मी वकिलाकडं गेले. त्यानं दोन गोष्टी मागितल्या, रोगाचं नाव असलेला कागद आणि तिथं काम केल्याचा कागद. पहिल्याचं वर सांगितलं. दुसरा असा की शिरोलीला गेल्यावर ह्यांना ठेकेदाराच्या नावावर घेतलं होतं. पगार पाकिटात, सही एका वहीत, ती वही ठेकेदाराची आणि ठेकेदार आता गावात नाही. कामगार विम्याचं, ईएसआयचं कार्ड नाही, पगाराची चिठ्ठी नाही. हे तेवीस वर्षं वाळूत होते ह्याला पुरावा काय, तर ह्यांची फुफ्फुसं. ती पंचगंगेवर जळाली.

मी फौंड्र्या बंद करा म्हणत नाही. त्या वाळूनंच आमचं घर बांधलं, पोरीला बी.एस्सी. केलं. ह्यांचा पुतण्याही मोल्डिंगलाच आहे. गेल्या महिन्यात मी त्याला मास्क आणून दिला, तर म्हणतो, “काकी, उष्णतेनं जीव जातोय त्यात.” त्याचंही खरं आहे. भट्टीजवळ आठ तास उभं राहून दाखवावं मग बोलावं. धूळ उठते तिथंच ओढून घेणारी यंत्रं असतात, वाळू ओली ठेवता येते. मोठ्या कारखान्यांत आहे म्हणे सगळं. गल्लीबोळातल्या शेडमध्ये कोण बघायला जातं?

माझं मागणं लहान आहे. सरकारी असो वा खासगी, दम लागतो म्हणून आलेल्या माणसाच्या केसपेपरवर ‘काम काय, किती वर्षं’ ही ओळ सक्तीची करा. आरोग्य खात्याला तुम्ही सांगा, तुमचं ऐकतील. सिलिकोसिस लिहिणाऱ्या डॉक्टरला चौकशीची भीती वाटू नये, न लिहिणाऱ्याला वाटावी. ज्यांच्याकडं मस्टर नाही त्यांच्यासाठी जोडीदारांची साक्ष धरा. ह्यांचे चार जोडीदार उद्या यायला तयार आहेत, त्यातल्या दोघांना जिना चढवत नाही, तेव्हा खालच्या मजल्यावर बोलवा. राजस्थाननं २०१९ मध्ये ह्या रोगाचं धोरण केलं. निदान झालं की तीन लाख, माणूस गेला की घरच्यांना आणखी दोन. तिथं दगडखाणी म्हणून धोरण झालं. आमच्याकडं फौंड्र्या आहेत. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल. ह्या भागातल्या जुन्या मोल्डरांच्या छातीचे फोटो काढायला एक गाडी महिनाभर फिरवली तरी तुम्हाला कळेल मी काय म्हणते ते.

मला स्वतःला पैसे मिळणार नाहीत हे वकिलानं सांगितलंय, ते मी मानलंय. पण ह्यांच्या आजाराचं नाव कुठल्या तरी सरकारी कागदावर यावं, एवढी माझी इच्छा आहे. पोरगा अजून कुणी विचारलं की ‘पप्पांना टीबी होता’ असंच सांगतो, आणि मला ते खिडकीत पालथं घातलेलं ताट दिसतं.

एक्स-रेच्या सगळ्या फिल्मा मी जपून ठेवल्यात, सात आहेत. कुणाला पाठवणार असाल तर सकाळी पाठवा. बारा वाजता मी मसाल्याच्या कांडपावर जाते, ती संध्याकाळी सातला येते.

आपली,
एका मोल्डरची बायको
मंगळवार पेठ, कोल्हापूर