याला जीवदान म्हणू नका

महोदय,

कालच्या अंकातलं ‘कासवाला जीवदान’ हे छायाचित्र पाहून राहवलं नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात एक कुटुंब नदीत कासव सोडतंय, मुलं टाळ्या वाजवताहेत. कासवाच्या डोळ्यामागचा लाल पट्टा फोटोत स्वच्छ दिसतो. ते अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातलं कासव आहे. तुळशी तलावातून निघणाऱ्या दहिसर नदीत त्याचं काय काम?

माझ्या मुलाच्या पाचव्या वाढदिवसाला त्याच्या मामाने असंच एक पिल्लू आणलं होतं, दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा जरासं मोठं. दुकानदार म्हणाला होता, ‘एवढंच राहतं, वाढत नाही.’ चार वर्षांत ते बशीएवढं झालं. काचेची पेटी पुरेना, पाण्याला वास येऊ लागला. परत द्यायला गेले तर तोच दुकानदार म्हणाला, ‘आम्ही घेत नाही ताई, तळ्यात सोडून द्या.’ शेजारच्या काकूंनीही हेच सुचवलं, वर पुण्य लागेल म्हणाल्या. मी सोडलं नाही. आज बारा वर्षं ते आमच्या गॅलरीत टबमध्ये आहे. पाणी मीच बदलते. अजून पंधरा-वीस वर्षं सहज जगेल, तोवर ते आमचंच.

कारण हे कासव मासे, बेडकांची पिल्लं, पाणवनस्पती, काहीही खातं आणि उन्हाला बसायच्या जागाही बळकावतं. मग आपल्या काळ्या पाठीच्या कासवांनी जायचं कुठे? देशी कासव पाळणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, म्हणून दुकानांत ही परदेशी पिल्लं मांडलेली असतात. तुमच्या वार्ताहराने त्या दुकानांत एकदा जावं. पाळून कंटाळलेल्यांनी ही कासवं नेऊन कुठे द्यायची, तेही वनखात्याला विचारून छापावं. लोकांना ते खरंच माहीत नसतं.

आणखी एक. त्याच पानावर सफारीतल्या सिंहांचं केवढं कौतुक! सिंह गुजरातेतून आणलेले, पिंजऱ्यात राहणारे. याच जंगलात वाघाटी आहे, जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांपैकी एक, पूर्णपणे इथली. तिचा फोटो तुमच्या अंकात मी तरी कधी पाहिलेला नाही.

कालच्या मथळ्याची दुरुस्ती मात्र त्याच पानावर, तेवढ्याच ठळक अक्षरांत छापा. ज्या मुलांनी टाळ्या वाजवल्या, त्यांच्या घरी तुमचाच पेपर येत असेल.

आपली,
एक नियमित वाचक, बोरिवली (पूर्व)