क्रीडामंत्र्यांना खुले पत्र : आम्ही किती वर्षं दुसऱ्यांचे झेंडे फडकवायचे?

मा. केंद्रीय क्रीडामंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

सविनय नमस्कार.

१८ नोव्हेंबर २०२५च्या रात्री ढाक्यात आपला फुटबॉल संघ बांगलादेशकडून १-० असा हरला. बांगलादेशनं आपल्याला याआधी हरवलं होतं ते २००३ साली. अकराव्या मिनिटाला मोरसालिननं गोल केला आणि पुढचा सगळा वेळ हाती असूनही तो एक गोल आपल्याला फेडता आला नाही. जागतिक क्रमवारीत तेव्हा बांगलादेश १८०च्या पलीकडे होता. दुसऱ्या दिवशी सकाळी बातमी आली की कॅरिबियन समुद्रातला कुरासाव हा देश २०२६च्या विश्वचषकाला पात्र ठरला. लोकसंख्या दीड लाखाच्या आसपास. आपल्याकडे एवढी माणसं एका तालुक्यात राहतात. आपण १४० कोटी.

मंत्रिमहोदय, हे पत्र मी संयमानं लिहायला बसलो आहे. तो शेवटपर्यंत टिकेल याची खात्री देत नाही.

ढाक्यातल्या सामन्याला तसा काही अर्थ उरला नव्हता. खरा घाव १४ ऑक्टोबरला मडगावात बसला, आशियाई चषकाच्या पात्रता सामन्यात. मी त्या दिवशी फातोर्ड्याच्या स्टेडियममध्ये होतो. आपल्या छांगतेनं चौदाव्या मिनिटाला गोल केला तेव्हा आमचा सगळा स्टँड उभा राहिला, अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. मध्यंतराच्या तोंडावर सिंगापूरच्या साँगनं बरोबरी केली. दुसऱ्या सत्रात त्यानंच पुन्हा गोल केला. त्यानंतर अर्धा तास आपण नुसते उंच चेंडू टाकत राहिलो आणि ते डोक्यानं परतवत राहिले. सुरुवातीला त्यांच्या प्रत्येक क्लिअरन्सला आमच्याकडून शिव्या जात होत्या. ऐंशीव्या मिनिटानंतर शिव्याही बंद झाल्या. सौदी अरेबियात २०२७ला होणाऱ्या आशियाई चषकात २४ संघ असतील, त्यात भारत नसेल. आपल्या गटात कोण होतं? सिंगापूर, हाँगकाँग आणि बांगलादेश. पाच सामने, एकही विजय नाही, पंधरापैकी दोन गुण.

आता कुणी म्हणेल, खेळात हारजीत चालायचीच. मान्य. पण ही मुलं कुठल्या अवस्थेतून मैदानात उतरली ते तुम्हाला ठाऊक आहे. भारतीय फुटबॉल महासंघाचा आणि आयएसएल (इंडियन सुपर लीग) चालवणाऱ्या कंपनीचा १५ वर्षांचा करार २०१० साली झाला. तो डिसेंबर २०२५मध्ये संपणार, हे सही केली त्या दिवसापासून सगळ्यांना माहीत होतं. तरी शेवटचं वर्ष उजाडेपर्यंत कुणी हललं नाही. मग महासंघाच्या घटनेचा खटला सर्वोच्च न्यायालयात, म्हणून थांबा. निकाल लागला, मग निविदा निघेपर्यंत थांबा. डिसेंबरमध्ये लीग सुरू होईल असा शब्द दिला गेला. नोव्हेंबरमध्ये निविदेची मुदत संपली आणि एकही बोली आली नाही. देशाची सर्वोच्च फुटबॉल लीग चालवायला एकही माणूस पुढे आला नाही! आज नोव्हेंबर २०२५ संपत आला तरी पहिला सामना कधी, हे सांगणारा माणूस या देशात सापडत नाही. बेंगळुरू एफसीनं ऑगस्टमध्येच पगार थांबवले. इतर क्लबांनीही पाठोपाठ हात आखडले.

माझा पुतण्या व्यावसायिक फुटबॉलपटू आहे, डिफेन्समध्ये खेळतो. क्लबचं नाव घेत नाही, उद्या करार टिकला तर त्याला तिथंच जायचंय. गेले कित्येक महिने तो घरी आहे. पगार बंद, शिबिर बंद, प्रशिक्षकाचा फोन आला तरी सांगायला काही नसतं. संध्याकाळी एकटाच मैदानावर जातो आणि कंपाउंडच्या भिंतीवर चेंडू मारत बसतो, एकदा उजव्या पायानं, एकदा डाव्या. बुटांचे स्टड झिजून सपाट झालेत. नवे घेऊन देतो म्हटलं तर म्हणाला, "काका, लीग सुरू झाली की घेऊ." बावीस वर्षांचा आहे. त्याच्या वयाची मुलं जपानमध्ये, कोरियात मोसमाला तीस-चाळीस सामने खेळतात. पाय आणि डोकं दोन्ही तिथंच तयार होतं. फुटबॉलपटूच्या आयुष्यात दहा-बारा वर्षं असतात, त्यातलं एक तुमच्या फायलींनी खाल्लं. ते त्याला कोण परत देणार? घरात आम्ही हा विषय काढत नाही. त्याच्या आईनं एकदा बँकेच्या परीक्षेचा फॉर्म आणून टेबलावर ठेवला होता, त्यावर तीन दिवस घरात कुणी कुणाशी नीट बोललं नाही.

आणि हे नवीन नाही. २०२३च्या हांगचौ आशियाई स्पर्धेच्या वेळी तुमच्याच मंत्रालयानं फुटबॉल संघाला आधी परवानगी नाकारली होती. निकष काय, तर आशियातल्या पहिल्या आठांत असाल तरच जा. शेवटी ओरड झाल्यावर सूट मिळाली. संघ सामन्याच्या आदल्या दिवशी चीनमध्ये उतरला आणि दुसऱ्या दिवशी ५-१ असा हरला. पहिल्या आठांत यायचं असेल तर पहिल्या आठांशी खेळावं लागतं, साहेब! पदक दिसत असेल तरच पोराला मैदानात सोडायचं, हे धोरण म्हणजे पोहायला शिकल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही असं सांगण्यासारखं आहे.

परदेशातल्या भारतीय वंशाच्या खेळाडूंचा प्रश्नही असाच भिजत पडलाय. बांगलादेशकडून हमझा चौधरी खेळतो. इंग्लंडमध्ये वाढलेला, लेस्टरकडून खेळलेला, आईच्या नात्यानं बांगलादेशचा. आपल्याकडे नियम असा की आधी तिकडचं नागरिकत्व सोडा. इझुमी अराता जपानचं सोडून आला, आता रायन विल्यम्स ऑस्ट्रेलियाचं सोडून आला, आणि त्याचीही परवानगी ढाक्याच्या सामन्याआधी पूर्ण झाली नाही. माझ्या मित्रांमध्ये यावर रोज भांडणं होतात. काही जण म्हणतात, असे आयात केलेले खेळाडू घेऊन जिंकण्यात कसला राष्ट्राभिमान? माझं मत वेगळं आहे. आपलं रक्ताचं नातं सांगून जो मुलगा निळी जर्सी मागतोय, त्याला दारात उभं करून ठेवण्यात तर अजिबात अभिमान नाही. पण तेवढ्यानं भागेल असं समजू नका. घरच्या लीगशिवाय दहा परदेशी आणले तरी अकरावा कुठून आणणार?

राष्ट्राभिमानाचं म्हणाल तर आमची अवस्था बघा. दर चार वर्षांनी विश्वचषक येतो आणि आम्ही दुसऱ्यांचे झेंडे काढतो. केरळात २०२२ला पुल्लावूरच्या नदीत मेस्सी, नेमार आणि रोनाल्डोचे प्रचंड कटआउट उभे राहिले, जगभर फोटो गेले. कोल्हापुरात तालमींच्या फुटबॉल सामन्याला शाहू स्टेडियम भरून जातं. पाटाकडील आणि खंडोबा तालमीची लढत असली की पेठाच्या पेठा ओस पडतात. त्याच मातीतला अनिकेत जाधव २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. त्या स्पर्धेला आपल्या स्टेडियममध्ये तेरा लाखांवर प्रेक्षक आले. म्हणजे प्रेम आहे, गर्दी आहे, पोरं आहेत. डिसेंबर २०२५मध्ये मेस्सी येतोय, त्याच्याशेजारी फोटोला उभं राहायला मंत्र्यांची रांग लागेल. मेस्सी मलाही प्रिय आहे. पण माझ्या पुतण्याच्या क्लबच्या मैदानावर यातला एकही मंत्री आजवर फिरकलेला नाही.

आणि मुलींचं काय? जुलैमध्ये आपल्या महिलांनी थायलंडला त्यांच्या घरात २-१ हरवलं, दोन्ही गोल संगीता बासफोरचे. मार्च २०२६मध्ये त्या ऑस्ट्रेलियात आशियाई चषक खेळतील. वीस वर्षांखालील आणि सतरा वर्षांखालील मुलीही पात्र ठरल्या. तिन्ही संघ! पुरुषांच्या पराभवावर चर्चा करायला जेवढी माणसं बसतात, त्याच्या दहाव्या हिश्श्यानं तरी या मुलींचे सराव सामने ठरवायला बसावीत.

हे घडतं कारण आपल्याकडे खेळ ही राजकारण्यांची जागा आहे. १९८८ ते २०२२ या ३४ वर्षांत फुटबॉल महासंघाला दोनच अध्यक्ष मिळाले, दोघेही केंद्रात मंत्री राहिलेले. शेवटी न्यायालयाला हस्तक्षेप करावा लागला आणि त्या गोंधळात ऑगस्ट २०२२मध्ये फिफानं भारताला निलंबित केलं. आता अध्यक्ष माजी गोलकीपर आहेत, पण तेही राजकारणातलेच. पक्ष बदलतो, खुर्ची तीच राहते. हेच रस्त्यांचं, हेच शाळांचं, हेच भरती परीक्षांचं. तरुण माणसाचं वर्ष वाया गेलं तर या देशात कुणालाच त्याचा जाब द्यावा लागत नाही. १९५१ आणि १९६२च्या आशियाई सुवर्णपदकांची, १९५६च्या मेलबर्नमधल्या चौथ्या क्रमांकाची आठवण भाषणांत काढून आमचं तोंड गप्प करू नका. ती पदकं प्रशिक्षक रहीमसाहेबांची आणि त्या खेळाडूंची आहेत, तुमची नाहीत.

तुम्ही २०३६चं ऑलिंपिक मागताय. महासंघ २०३१च्या आशियाई चषकाचं यजमानपद मागतोय, २०२७ची बोली स्वतःहून मागे घेतल्यावर. त्याआधी एक करा. क्लब, महासंघ आणि प्रक्षेपक यांना एका खोलीत बसवा आणि लीगचा पहिला सामना कोणत्या तारखेला, कोणत्या मैदानावर होणार ते जाहीर करा. थांबलेले पगार कोण देणार, तेही त्याच कागदावर लिहा. भारतीय वंशाच्या खेळाडूंचा नियम बदलणार की नाही, ते हो किंवा नाही असं सांगा. समिती नेमू नका. समित्यांचे अहवाल येईपर्यंत ही पिढी निवृत्त होईल.

उत्तर मला नको, पुतण्याला द्या. त्याला फक्त तारीख हवी आहे.

आपला,
भारतीय फुटबॉलचा एक चाहता