बाबा, अमेयशी बोला

कार्डिफ

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, अमेयने सतार गवसणीत घातली आणि फिल्म एडिटिंगच्या मागे लागला, म्हणून तुम्ही त्याच्याशी अबोला धरलाय असं आईकडून कळलं. फोनवर तुम्ही मला पुरतं बोलू देत नाही, म्हणून लिहितेय.

इथे वेल्समध्ये एन्डाव एमलिन नावाचे गृहस्थ आहेत. जन्म 1944 चा, वाढले पुल्हेली या समुद्रकाठच्या गावात. आधी व्हायोलिन, मग वेल्श गाणी. 1974 मध्ये त्यांनी ‘सालेम’ ही तबकडी काढली, तीही अख्खी एका चित्रावर! चित्र 1908 चं. खेड्यातलं प्रार्थनाघर आणि भारी शाल पांघरलेली एक म्हातारी. सनलाइट साबण बनवणाऱ्या लीव्हर नावाच्या कारखानदाराने ते विकत घेतलं आणि साबणाबरोबर त्याच्या प्रती वाटल्या, म्हणून ते घरोघरी भिंतीवर गेलं. (आई, तुझ्या मोरीवरची ती पिवळी वडी, तोच सनलाइट!) शालीच्या घडीत सैतान दिसतो म्हणे. मला कोणीतरी बोट ठेवून दाखवला तेव्हा कुठे दिसला. एमलिननी त्या चित्रातल्या माणसांवर गाणी रचली. असा माणूस पुढे कॅमेऱ्यामागे गेला, यात नवल ते काय?

पण वेल्शमध्ये सिनेमा काढायला पैसा कोण देणार? 1980 मध्ये ग्विनवोर इव्हान्स हा पुढारी आमरण उपोषणाला बसतो म्हणाला, तेव्हा थॅचरबाईंचं सरकार नमलं आणि 1982 मध्ये एस-फोर-सी ही वेल्श वाहिनी सुरू झाली. आता तिला मालिका हव्यात, सिनेमे हवेत. एमलिननी ते केले. 1991 मध्ये कॅरदॉग प्रिचर्डच्या कादंबरीवरचा सिनेमा आला: पाटीच्या दगडाच्या खाणींचं गाव, वेड्यांच्या इस्पितळात नेलेली आई आणि तिचा एकुलता पोरगा. आई, तू तो बघू नकोस, रडशील. 1993 चा सिनेमा हलकाफुलका, सेंट पीटर्सबर्गला गेलेल्या शाळेच्या सहलीचा.

आणि बाबा, 2009 मध्ये, पासष्टीला टेकल्यावर, या माणसाने पुन्हा नवी तबकडी काढली.

अमेयने एडिट केलेली ती दहा मिनिटांची फिल्म तुम्ही बघितलीच नाहीत. कुठे थांबायचं, कुठे तोडायचं हे त्याला तालातून कळतं, आणि ताल त्याला तुम्हीच शिकवलात. सतार मात्र विकू देऊ नका.

आई, रविवारी त्याला जेवायला बोलाव. आमटी तिखट कर, म्हणजे पाणी मागायला तरी दोघं तोंड उघडतील.

तुमची,
मृणाल