मेडिकलच्या ताई, तुम्ही आधी सांगितलंत म्हणून

सातारा

ताई,
सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, तुमच्या काउंटरवर हे बोलायचं ठरवून येते, पण मागे कुणीतरी चिठ्ठी घेऊन उभं असतं आणि माझं बोलणं "बरंय आता" एवढ्यावर संपतं. म्हणून लिहायला बसले. आणि सगळ्यांनी वाचावं असं लिहितेय, कारण पॅनिकची, म्हणजे अचानक येणाऱ्या भीतीच्या झटक्यांची, गोळी हातात घेऊन "खाऊ की नको" म्हणत बसलेली माणसं आपल्या साताऱ्यात आणखीही असणार. तुमचं नाव आणि दुकानाचा पत्ता लिहीत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही, हे मला माहीत आहे.

मी पतसंस्थेत कॅशला बसते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. नोटा मोजता मोजता छातीत धडधड सुरू व्हायची, बोटांना मुंग्या यायच्या, घसा आवळायचा आणि आता आपण जाणार असंच वाटायचं. ईसीजी झाला, टू-डी इको झाला, थायरॉईडची तपासणी झाली. सगळं नॉर्मल. घरी सासूबाईंनी मीठ-मोहरी उतरवली, मायेनंच. शेवटी आमच्या फॅमिली डॉक्टरांनी मानसोपचारतज्ज्ञांची चिठ्ठी दिली. त्या डॉक्टरांनी नीट तपासलं, समजावलंही. पण घाबरलेल्या माणसाच्या डोक्यात किती राहतं? जिना उतरून खाली येईपर्यंत "गोळी चालू करा" एवढंच माझ्या लक्षात राहिलं होतं.

तुम्ही चिठ्ठी वाचलीत आणि लगेच पट्टी काढायला वळला नाहीत. "पहिल्यांदाच सुरू करताय का?" असं हळू आवाजात विचारलंत. मी मान हलवली. मग हाताखालच्या मुलाला गिऱ्हाईक बघायला सांगून तुम्ही मला फ्रिजच्या बाजूला, आतल्या स्टुलावर बसवलंत. "डोस ठरवणं डॉक्टरांचं काम. पण ही गोळी घेतल्यावर काय काय जाणवेल, ते मी सांगते. घरी गेल्यावर दचकू नका."

त्या स्टुलावर जे ऐकलं, त्याच्या जिवावर माझे पहिले दोन आठवडे निघाले.

चिठ्ठीवर एस्सिटालोप्राम ५ मिलिग्रॅम होती, आठवड्यानंतर १०. "कमीपासून सुरुवात मुद्दाम केलीय," तुम्ही म्हणालात. पॅनिकच्या माणसाला पहिल्याच दिवशी पूर्ण डोस दिला तर धडधड आणखी वाढू शकते, आणि माणूस गोळी फेकून देतो. ५ वर सुद्धा सुरुवातीला थोडी बेचैनी वाढेल, हातपाय स्वस्थ बसणार नाहीत, झोप पहाटेच मोडेल. मळमळेल, एखादे वेळी पोट बिघडेल. पोटच का, असं मी विचारलं. ही गोळी सेरोटोनिन नावाच्या रसायनावर काम करते आणि शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन आतड्यात असतं, त्यामुळे पोट आधी कुरकुर करतं, असं तुम्ही सांगितलंत. डोकं दुखणं, तोंड कोरडं पडणं, घाम, जांभया. बहुतेकांचं हे आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरतं. गुण मात्र त्यानंतर येतो. साधारण दोन ते चार आठवड्यांनी फरक जाणवायला लागतो, आणि गोळी लागू पडली की नाही हे ठरवायला सहा-आठ आठवडे, पॅनिकमध्ये कधी बारासुद्धा लागतात.

ताई, हा क्रमच तर सगळ्यांना चकवतो. त्रास पहिल्या दिवसापासून आणि आराम महिन्याने. तापाची गोळी घेतली की तासाभरात ताप उतरतो, ही आपली सवय. इथे उलटं घडतं, आणि कुणी आधी सांगितलेलं नसेल तर माणूस साहजिकच म्हणतो, "ही गोळी मला सोसत नाही." असं म्हणून चार दिवसांत बंद करणारे किती जण तुम्ही पाहिलेत, हेही तुम्ही बोललात. मी त्यांच्यातली झाले असते.

सकाळी पोहे खाल्ल्यावर गोळी घेतली. दुपारी काउंटरवर जांभयांवर जांभया. पासबुक घेऊन उभ्या असलेल्या आजोबांनी विचारलं, "रात्री जागरण का?" पोटात ढवळत होतं. दोन-तीन दिवसांनी पहाटे डोळे उघडले ते धडधडीनंच. गादीवर उठून बसले, कपाळावर घाम. एरवी मी ह्यांना उठवून दवाखाना गाठला असता. त्या पहाटे उशाजवळचं तुमचं कागदी पाकीट हातात घेतलं. त्यावर तुम्ही निळ्या पेनानं लिहिलं होतं: "सकाळी नाश्त्यानंतर. पहिले १०-१५ दिवस बेचैनी वाढू शकते. फार वाटल्यास डॉक्टरांना फोन. आपणहून बंद नाही." ते परत परत वाचलं. तुम्ही पॅनिक अटॅकबद्दल सांगितलेलंही आठवलं, की तो साधारण दहा मिनिटांत शिगेला जातो आणि मग उतरणीला लागतो. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले. उतरला.

मी कुठे काम करते हे ऐकून तुम्ही दिलेला दाखला मी आता घरात सगळ्यांना सांगते: मांजर शिरलं म्हणून पतसंस्थेचा चोरीचा अलार्म वाजला, तर आवाज खराच असतो, चोर मात्र नसतो. "तुला काही झालेलं नाही" हे मी शंभर जणांकडून ऐकलं होतं आणि दर वेळी खोटं पडल्यासारखं वाटलं होतं. आवाज खरा आहे, हे मान्य करणाऱ्या पहिल्या तुम्ही.

चिठ्ठीवर दुसरी गोळी होती, क्लोनाझेपाम, पाव मिलिग्रॅम, रात्रीसाठी. दोन्ही गोळ्यांतला फरक तुम्ही समजावलात तो फार महत्त्वाचा, कारण लोक दोन्हींना सरसकट "झोपेच्या गोळ्या" म्हणतात. क्लोनाझेपाम लगेच आराम देते, म्हणूनच ती थोड्या दिवसांपुरती. तिची सवय लागू शकते. डॉक्टर सांगतील तशी कमी करत बंद करायची, ती घेऊन गाडी चालवायची नाही, आणि शेजारणीला "घे, बरं वाटेल" म्हणून द्यायची नाही. एस्सिटालोप्रामची तशी ओढ लागत नाही, डोस वाढवत न्यावासा वाटत नाही. पण तीही एकदम तोडायची नाही. अचानक बंद केली तर चक्कर, चिडचिड, डोक्यात करंट बसल्यासारखे झटके येऊ शकतात. आजार परतला असं वाटून माणूस पुन्हा घाबरतो, आणि खरं कारण भलतंच असतं. आमच्या घरात "आयुष्यभराची सवय लागेल" ही जी भीती होती, ती तुमच्या या दोन-चार वाक्यांनी गेली. बरं वाटायला लागल्यावर सहा महिने ते वर्षभर घ्यायची, मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करायची, एवढा साधा हिशेब.

आणखी एक गोष्ट तुम्ही बोललात, जी आपल्याकडे कुणी बोलत नाही. दुकानात दुसरं कुणी नाही हे बघून म्हणालात, "या गोळ्यांनी नवरा-बायकोच्या संबंधांतली इच्छा कमी होऊ शकते. पुरुषांनाही होतं, बायकांनाही. घरात गैरसमज होऊ देऊ नका. डॉक्टरांना सांगा, त्यावर उपाय असतात." बाकीचे त्रास ओसरतात, पण हा कधी कधी गोळी चालू असेपर्यंत राहतो. पुढच्या भेटीत मी डॉक्टरांना सांगू शकले आणि ह्यांच्याशीही मोकळं बोलले. तुम्ही ते शब्द आधी उच्चारले नसते तर माझ्या तोंडून निघाले नसते. ताई, या एका गोष्टीसाठी तुमचे वेगळे आभार मानते.

माझं वय विचारलंत ते का, हे मला नंतर कळलं. माझ्या चुलतभावाचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे, त्याला याच जातीची सर्ट्रालीन ही गोळी सुरू झाली तेव्हा मी त्याच्या आईला तुमच्याकडेच घेऊन आले. तिला तुम्ही बसवून सांगितलंत की पंचविशीच्या आतल्या मुलांत या औषधांच्या सुरुवातीला आणि डोस बदलताना जीव देण्याचे विचार वाढू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००४ मध्ये मुलांसाठी या गोळ्यांवर चौकटीतला ठळक इशारा सक्तीचा केला आणि २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी वाढवला. वहिनीचा चेहरा उतरला. तुम्ही तिचा हात धरलात. "घाबरवत नाही. गोळी बंद करा असंही म्हणत नाही. पहिले काही आठवडे त्याला एकटं पडू देऊ नका, रोज बोला, आणि तसं काही बोलला तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा." मग तिच्याही पाकिटामागे तुम्ही १४४१६ लिहून दिलंत, टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर. सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, दिवसरात्र चालते, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. हा नंबर तरण्या पोरांच्या प्रत्येक घरात भिंतीवर असावा असं मला मनापासून वाटतं.

रात्रभर झोप नाही तरी थकवा नाही, बोलणं सुसाट, खर्च अफाट, असं दिसलं तरी डॉक्टरांना लगेच कळवा, हेही तिला सांगितलंत. आणि ताप, अंगाला कंप, स्नायू ताठर, बोलण्यात गोंधळ असं एकदम झालं तर थेट दवाखाना.

लहानसहान गोष्टी तर किती! कंबर धरली म्हणून मी डायक्लोफेनॅक मागितली, तर तुम्ही दिली नाहीत. या गोळ्यांबरोबर तसली वेदनाशामकं घेतली तर पोटात रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते, म्हणून पॅरासिटामॉल दिलीत आणि जास्त दुखलं तर डॉक्टरांना विचारायला सांगितलंत. ट्रामाडॉल या वेदनाशामकाचंही नाव घेऊन बजावलंत. पुसेगावच्या यात्रेला माहेरी निघाले तेव्हा "गोळ्या पुरतील ना तेवढे दिवस?" हे तुम्हीच आठवणीनं विचारलंत. एखादा डोस राहिला तर त्या दिवशी आठवेल तेव्हा घ्यायचा, दुसऱ्या दिवशी दोन एकदम नाही. जन औषधी केंद्रात हेच औषध कमी किमतीत मिळतं, हेही तुम्हीच सांगितलंत, स्वतःच्या काउंटरवरून. त्यावर काय बोलावं मला सुचलं नव्हतं. आजही सुचत नाही.

गुण आला तो कधी, ते मला सांगता यायचं नाही. एका संध्याकाळी कॅश जुळवून तिजोरीला कुलूप लावलं आणि लक्षात आलं की दिवसभरात एकदाही मनगटावर बोटं ठेवून नाडी पाहिली नाही.

पण गोळीनं सगळं झालं असं म्हणणार नाही, कारण तुम्हीही तसं म्हणाला नव्हतात. पोवई नाक्याच्या ग्रेड सेपरेटरमधून, म्हणजे चौकाखालच्या भुयारी रस्त्यातून जाणं मी बंदच केलं होतं. खाली गाडी उतरली की छाती भरून यायची, म्हणून वरून, सिग्नलच्या गर्दीतून वळसा घालायचे. "गोळी भीतीचा जोर कमी करेल. रस्ता तुम्हालाच पुन्हा धरावा लागेल," असं म्हणून तुम्ही समुपदेशनाचं डॉक्टरांना विचारायला लावलंत. समुपदेशक मॅडमनी पायरीपायरीनं नेलं. आधी ह्यांच्या मागे बसून, दुपारच्या कमी गर्दीत. मग मी पुढे, हे मागे. मग एकटी. आत गेल्यावर धडधडलंच. गाडी थांबवली नाही, वेग वाढवला नाही, पलीकडे निघाले. आता रोज तिथूनच जाते, आणि कधी कधी अजूनही धडधडतं. मॅडम म्हणतात, धडधडलं तरी चालेल, टाळायचं नाही.

ताई, तुम्ही म्हणाल यात विशेष काय केलं, औषध देणाऱ्याचं हे कामच आहे. असेल. पण गर्दीच्या वेळी, धंद्याचा वेळ मोडून, एका घाबरलेल्या बाईला स्टूल देऊन सगळं खरं खरं सांगणं, त्रासाचंही आणि आरामाचंही, हे मला दुसरीकडे मिळालं नव्हतं. नुसतं "काही होत नाही, घ्या बिनधास्त" म्हणाला असतात तर त्या पहाटे माझा तुमच्यावरचा आणि गोळीवरचा, दोन्ही विश्वास उडाला असता.

पुढच्या महिन्यापासून डॉक्टर माझा डोस कमी करायला घेणार आहेत. चिठ्ठी घेऊन येईनच. कमी करताना काय जाणवतं ते पुन्हा एकदा नीट सांगा, या वेळी मी वही आणणार आहे. माझ्याबरोबर आमच्या ऑफिसातली एक जण असेल. तिला कालच गोळी लिहून दिलीय आणि तिनं ती अजून सुरू केलेली नाही. तिला थोडा वेळ द्या. शक्यतो दुपारी तीनच्या सुमारास येऊ, तेव्हा तुमच्याकडे गर्दी कमी असते.

तुमची कृतज्ञ,
गोडोलीहून येणारी, पतसंस्थेतली